प्रेक्षकांचा रोष आणि फलंदाजाचे मस्तक

‘खेळ आता पूर्वीचा राहिला नाही’ ही तक्रार क्रिकेटच्या मैदानाभोवती पिढ्यानुपिढ्या ऐकू येत आली आहे. खेळाडूच्या जिवाच्या रक्षणार्थ एखादा नवा नियम झाला, की तिला विशेषच धार चढते. नियमाने खेळातील पौरुष नाहीसे केले, असे एक प्रेक्षक म्हणतो. नियमाची ढाल पुढे करून प्रतिपक्षाने लबाडी साधली, असे दुसरा म्हणतो. या दोन्ही तक्रारी वरवर पाहता सारख्याच भासतात. परंतु त्यांची योग्यता सारखी नाही, हे इतिहासावरून दाखविता येते. आणि प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे.

प्रथम 1932-33 सालच्या इंग्लंड-ऑस्ट्रेलिया सामन्यांकडे पाहू. इंग्लंडचा कर्णधार डग्लस जार्डिन हा मुंबईत जन्मलेला. ब्रॅडमनला रोखण्यासाठी त्याने फलंदाजाच्या देहावर रोख धरून चेंडू टाकविण्याची युक्ती योजिली. ॲडलेडच्या कसोटीत कर्णधार वुडफुल व यष्टिरक्षक ओल्डफील्ड हे दोघेही जखमी झाले. ऑस्ट्रेलियात संतापाची लाट उसळली. इंग्लंडमधील पुष्कळ क्रिकेटप्रेमींना मात्र ती पराभूतांची रड वाटली. पण पुढच्याच उन्हाळ्यात, 1933 साली, ओल्ड ट्रॅफर्डवर वेस्ट इंडीजच्या मार्टिनडेल व कॉन्स्टंटाइन यांनी तीच गोलंदाजी इंग्लंडच्या फलंदाजांवर केली. जार्डिनने स्वतः न डगमगता 127 धावा केल्या, हे त्याच्या धैर्याला शोभण्यासारखेच झाले. तथापि जे दुरून ऐकताना पौरुष वाटत होते, ते डोळ्यांसमोर घडताच तेथील प्रेक्षकांना किळसवाणे वाटू लागले. लवकरच एम.सी.सी.ने अशा गोलंदाजीस प्रतिबंध केला. न्यायबुद्धी बदलली ती युक्तिवादाने नव्हे. चेंडूखाली आलेले डोके कोणाचे, एवढेच बदलले होते.

आता आपल्या घराजवळचे उदाहरण. पॉली उम्रीगर हे नाव सोलापूरकरांना परके नाही. त्यांचे बालपण याच गिरणगावात गेले. 1962 साली ते भारतीय संघाबरोबर वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होते. मार्च महिन्यात बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू कर्णधार नरी काँट्रॅक्टर यांच्या मस्तकावर आदळला व कवटीस तडा गेला. शस्त्रक्रियेसाठी रक्ताची निकड भासली, तेव्हा प्रतिपक्षाचे कर्णधार फ्रँक वॉरेल रक्त देण्यास पुढे आले. भारतीय खेळाडूंपैकी उम्रीगर, चंदू बोर्डे व बापू नाडकर्णी यांनीही रक्त दिले. काँट्रॅक्टर वाचले, पण कसोटी सामना त्यांना पुन्हा कधीही खेळता आला नाही. अवघ्या 21 वर्षांच्या पतौडींच्या खांद्यावर कर्णधारपद येऊन पडले. पुढे पोर्ट ऑफ स्पेनच्या कसोटीत उम्रीगरांनी दुसऱ्या डावात नाबाद 172 धावा काढल्या. ज्याने आपल्या कर्णधारासाठी रक्त दिले, तोच शिरस्त्राणावाचून पुन्हा वेगवान माऱ्यापुढे उभा राहिला. हे शौर्य खरेच. परंतु त्या काळी फलंदाजाला त्याखेरीज दुसरा मार्ग नव्हता, हेही तितकेच खरे.

1976 साली याहून विदारक प्रसंग आला. पोर्ट ऑफ स्पेन येथे भारताने चौथ्या डावात 400 हून अधिक धावा करून विजय मिळविला होता. त्या पराभवाने डिवचलेल्या क्लाइव्ह लॉइडने किंग्स्टनच्या कसोटीत वेगवान गोलंदाजांचा तोफखानाच उभा केला. अंशुमन गायकवाड 81 धावांवर असताना चेंडू कानावर बसून त्यांना मैदान सोडावे लागले. विश्वनाथ व ब्रिजेश पटेल हेही जखमी झाले. दुसऱ्या डावात पाच भारतीय फलंदाजीस येऊच शकले नाहीत व डाव 97 धावांवर संपला. त्या दिवसांतील किंग्स्टनच्या प्रेक्षकांवर सुनील गावसकर यांनी ‘सनी डेज’ या पुस्तकात कठोर टीका केली आहे. ती वाचताना आपले रक्त तापते. पण आज आपल्याकडेही वेगवान गोलंदाजांची वाण राहिलेली नाही. त्यांचा उसळता चेंडू परक्याच्या शिरस्त्राणावर आदळतो तेव्हा आपल्या तोंडून काय उद्गार निघतात, हे ज्याने त्याने मनाशी आठवून पाहावे.

शिरस्त्राणाचे स्वागतही गोड झाले नाही. मार्च 1978 मध्ये ऑस्ट्रेलियाचा ग्रॅहॅम यालप ते घालून कसोटीत उतरला, तेव्हा लोकांनी त्याची हुर्यो उडविली. आणि हे घडले कोठे, तर जेथे सोळा वर्षांपूर्वी काँट्रॅक्टर कोसळले होते, त्याच ब्रिजटाउनमध्ये! 1991 साली एका फलंदाजास एका षटकात एकच उसळता चेंडू टाकावा, असा निर्बंध आला. हा आमच्या गोलंदाजांचे पंख छाटण्याचा डाव आहे, अशी वेस्ट इंडीजच्या चाहत्यांची भावना झाली. 1994 साली मर्यादा दोन चेंडूंवर नेण्यात आली. या रोषात अगदीच तथ्य नव्हते असे नाही. नियम एकाच संघाचे सामर्थ्य पाहून होत आहे असा संशय आला, म्हणजे त्याचा मूळ हेतू कितीही शुद्ध असो, तो लोकांच्या मनास पटत नाही.

2014 च्या नोव्हेंबरात सिडनी येथे फिलिप ह्यूज हा ऑस्ट्रेलियन फलंदाज मानेवर चेंडू लागून मरण पावला. त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण होते. डोक्यावरील आघाताकडे पाहण्याची दृष्टी त्यानंतर अधिक गंभीर झाली, आणि 2019 पासून मेंदूस धक्का बसलेल्या खेळाडूऐवजी पूर्णाधिकारी बदली खेळाडू उतरविण्याची मुभा मिळाली. अट एवढीच, की बदली आलेला मूळ खेळाडूच्याच जातीचा असावा.

याच अटीवरून पुण्याजवळील गहुंजे येथे 31 जानेवारी 2025 रोजी मोठा वाद झाला. इंग्लंडविरुद्धच्या वीस षटकांच्या सामन्यात शिवम दुबे यांनी 53 धावा केल्या आणि डावाच्या अखेरच्या षटकात चेंडू त्यांच्या शिरस्त्राणावर बसला. त्यांच्या जागी हर्षित राणा आले. दुबे हे मुख्यतः फलंदाज व प्रसंगी मध्यमगती गोलंदाज. राणा हे खरे वेगवान गोलंदाज. राणांनी तीन बळी घेतले व भारत 15 धावांनी जिंकला. ही बदली सारख्यास सारखी नव्हती, असे इंग्लंडचे कर्णधार बटलर यांनी स्पष्ट सांगितले आणि इंग्लंडचे चाहते खवळले. आपल्याकडील अनेकांना ही पराभूतांची रड वाटली. नव्वद वर्षांपूर्वीचेच शब्द. फक्त ते बोलणारे आता आपण होतो!

येथे दोन तक्रारींतील भेद स्पष्ट होतो. दुबे यांना विश्रांती देऊ नये, असे कोणी शहाणा म्हणत नव्हता. आक्षेप होता तो बदलीच्या निवडीवर. असा आक्षेप नियमाचा वैरी नसून हितचिंतक होय. त्याच वर्षी संभाव्य बदली खेळाडूंची नावे सामन्यापूर्वीच द्यावीत आणि आघात झालेल्या खेळाडूने किमान सात दिवस खेळापासून दूर राहावे, असे ठरले. ज्या नियमावर जीव अवलंबून आहे त्याची लाज राखणे हे खेळणाऱ्यांचे कर्तव्य आहे. अन्यथा उद्या खरोखरच घायाळ झालेल्याकडेही लोक संशयाने पाहतील.

परंतु ‘नियमांनी मर्दानी खेळ बिघडविला’ ही दुसरी तक्रार मात्र स्वस्त आहे. कारण तिचे मोल तक्रार करणाऱ्यास द्यावे लागत नाही. सोलापूरच्या पार्क मैदानाच्या कठड्यावर बसून शौर्याची अपेक्षा करणे सोपे. बावीस यार्डांवरून येणारा चेंडू कानशिलाशी झेलणे निराळे. नव्या नियमाचा राग आला, तर प्रेक्षकाने स्वतःस एकच प्रश्न विचारावा : चेंडूखाली माझ्या मुलाचे डोके असते, तर मी काय म्हटले असते? या प्रश्नानंतरही जी तक्रार शिल्लक उरेल, ती अवश्य ऐकण्याजोगी असेल.