पंढरीतील अनाथ बालकाश्रम : एक विसरलेला इतिहास

पंढरपूर हे आपणा वारकऱ्यांचे माहेर. चंद्रभागेचे स्नान, नगरप्रदक्षिणा आणि पांडुरंगाचे दर्शन झाले की आपण समाधानाने परतीच्या वाटेला लागतो. पण याच पंढरीत, आपल्या दिंडीच्याही कितीतरी आधी, ज्यांना माहेरच उरलं नव्हतं अशांसाठी एक घर उभं राहिलं. त्या घराची आठवण या शताब्दी अंकात असावी म्हणून हा लेख.

तो काळ बालविवाहाचा. कळत्या वयाच्या आधीच मुलगी विधवा व्हायची. उच्चवर्णीय घरांत तिचे केशवपन होई आणि उरलेला जन्म चुलीमागे जाई. १८५६ साली कायद्याने पुनर्विवाहाला परवानगी दिली. समाजाने काही दिली नाही. अशा बाईला दिवस गेले, तर पुरुष नामानिराळा राहायचा आणि ठपका एकटीच्या कपाळी. मग एक तर विहीर, नाहीतर जन्मलेल्या लेकराचा जीव. काहीजणी यात्रेचं निमित्त करून पंढरीला येत. यात्रेच्या गावात कोण कुणाला ओळखतं? मूल तिथेच टाकून बाई मुक्यानं परत जाई.

या बालहत्या थांबवण्यासाठी महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. त्यानंतर १८७५ साली पंढरपुरात तसेच गृह सुरू झाले. पुढाकार होता लालशंकर उमियाशंकर यांचा. हे गृहस्थ मूळचे गुजराती, पंढरपुरात न्यायाधीश होते. पाठीशी होता मुंबईचा प्रार्थना समाज. ही मंडळी मूर्तिपूजा न मानणारी, पण तुकोबांच्या अभंगांवर मनापासून निरूपण करणारी. बाईने यावं, बाळंत व्हावं, हवं तर मूल ठेवून जावं, असा तिथला रिवाज.

लगेच १८७६ चा मोठा दुष्काळ आला. सोलापूर जिल्हा त्यात होरपळला. माणसं देशोधडीला लागली, आईबाप गेलेली पोरं रस्त्यावर आली. अशा पोरक्या लेकरांनाही इथे आसरा मिळाला. पुढे ही संस्था वासुदेव बाबाजी नवरंगे बालकाश्रम या नावाने ओळखली जाऊ लागली.

खरं तर पोरक्या लेकराला जवळ घेणं आपल्या संप्रदायाला नवं नाही. जनाबाई नामदेवरायांच्या घरी वाढल्या. ज्ञानोबा माउली आणि त्यांची भावंडं आईवडिलांविना राहिली. संन्याशाची पोरं म्हणून लोकांनी त्यांना हिणवलं. आज त्यांच्याच पादुका आपण पालखीत वाहतो. तरीही पंढरीच्या वाळवंटात टाकलेलं मूल उचलायला न्यायाधीशाला पुढे यावं लागलं, हे आपण मनाला लावून घेतलं पाहिजे.

पुढे काळ बदलला आणि अशा आश्रमांची गरज ओसरत गेली. विधवेचा पुनर्विवाह रुळला, दुष्काळात माणसं मरणं थांबलं. १९५६ च्या कायद्याने मुलगीही दत्तक घेता येऊ लागली, एकट्या बाईलाही दत्तक घेण्याचा हक्क मिळाला. १९७१ साली गर्भपाताचा कायदा आला. आता २०१५ चा बाल न्याय कायदा सांगतो की मुलाची जागा आधी कुटुंबात. आश्रम हा शेवटचा उपाय. बालसंगोपन योजनेत नातेवाइकांकडे राहणाऱ्या मुलालाही सरकारी मदत मिळते. म्हणून जुन्या आश्रमांतली वर्दळ कमी झाली, तर त्यात हळहळण्यासारखं फारसं नाही. अनाथाश्रम रिकामा पडणं ही शुभवार्ताच, पण मुलं खरोखर घरात गेली असतील तरच.

कारण उकिरड्यावर, बसस्थानकावर तान्ही मुलं अजूनही सापडतात. घर ओस पडलं तरी ज्या लाजेपायी ते बांधावं लागलं, ती लाज गेलेली नाही. एखाद्या माउलीला मूल सांभाळणं अशक्य असेल, तर ते बाल कल्याण समितीकडे रीतसर सोपवता येतं आणि फेरविचाराला दोन महिने मिळतात. वाटेत एकटं मूल दिसलं तर १०९८ वर फोन करावा. ही माहिती प्रत्येक विणेकऱ्याने, चोपदाराने मुक्कामावर सांगावी.

आपण विठोबाला विठाई म्हणतो, माउली म्हणतो. पोरक्या लेकराला आणि टाकलेल्या बाईला आपल्या गावात जागा मिळाली, तरच त्या हाकेला अर्थ आहे.

॥ राम कृष्ण हरी ॥