धाराशिवच्या शाळूची ओल

धाराशिव जिल्ह्याच्या पाण्याचा इतिहास लिहिताना लेखणी आधी नळदुर्गाकडे वळते. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 मध्ये, बोरी नदीवर उभा राहिलेला बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल हे काम थोरच आहे. पण त्या पाण्यावर किल्ला जगला. जिल्ह्याची भाकर शतकानुशतके पिकली ती परंडा, भूम, वाशी, कळंबच्या काळ्या रानांत साठलेल्या ओलीवर. पावसाळाभर रान मोकळे ठेवायचे, पाळ्या घालून तण मारायचे, उत्तरा-हस्ताच्या सुमारास शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, पेरायचा आणि पुढे एक थेंबही पाऊस न पडता माघ-फाल्गुनात कणसे खुडायची, ही या भागाची खरी जलव्यवस्था होती. तिचे मुख्य साधन होते बैलामागे चालणारे कोळपे. माझे म्हणणे असे की, या व्यवस्थेला पाणीमहालाच्या बरोबरीने इतिहासात स्थान मिळायला हवे, आणि ते देताना तिच्यामागचे शास्त्रही नीट सांगायला हवे. कारण ते बहुतेकदा अर्धवट सांगितले जाते.

जमिनीत ओल टिकते ती केशाकर्षणाने; पण केशाकर्षण म्हटले की पाणी वर चढणे एवढेच आपल्या मनात येते. उंच झाडेही त्याच बळावर पाणी शेंड्याला नेतात, असा समज आहे. हिशेब मात्र वेगळे सांगतो. नळी जितकी बारीक तितके पाणी उंच चढते हे खरे, पण दशांश मिलिमीटर व्यासाच्या नळीत ते जेमतेम 30 सेंटिमीटर चढते, आणि झाडाच्या खोडातल्या बऱ्याच वाहिन्या साधारण याच मापाच्या असतात. उरलेली उंची पाने ओढून घेतात: पानांतून वाफ होऊन पाणी निघते, त्याची ओढ अखंड जलस्तंभावरून थेट मुळांपर्यंत पोचते. डब्लिनच्या हेन्री डिक्सन आणि जॉन जॉली यांनी 1894-95 मध्ये ही मांडणी केली. केशाकर्षणाचे काम पानांच्या पेशीभित्तींतील अतिसूक्ष्म छिद्रांत चालते, आणि ते आहे हा ताणलेला स्तंभ तुटू न देण्याचे. विहिरीवर मोटेऐवजी वात लावून पाट का वाहवता येत नाही, याचे उत्तरही यातच आहे. जे बळ पाणी वर चढवते तेच ते वरच्या तोंडाशी धरून ठेवते, सांडू देत नाही. म्हणून विहिरीतून पाणी काढायला बैलच लागले. काळ्या जमिनीने मात्र या धरून ठेवण्याचाच उपयोग केला. भारी चिकणमातीची सूक्ष्म छिद्रे मीटरभर खोलीत पिकाला मिळू शकेल असे दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी साठवतात. ते मुळांकडे फार हळू सरकते. म्हणून शाळूच मुळे खोल सोडून पाण्यापर्यंत जातो.

एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे शेतकरी म्हणतात. शेतीच्या पुस्तकांनी याचे कारण दिले ते असे: कोळप्याने वरचा थर भुसभुशीत झाला की केशनलिका तुटतात आणि खालची ओल वर येऊन उडत नाही. अमेरिकेत एफ. एच. किंग यांच्यासारख्यांनी हाच विचार लोकप्रिय केला होता. पुढे 1927 मध्ये कॅलिफोर्नियातल्या व्हाइमेयर यांनी प्रयोगांती दाखवले की भूजल खोल असेल तर मातीच्या अशा आच्छादनाने पाणी फारसे वाचत नाही; वरचा थर सुकला की खालची ओल आपोआपच अडते, आणि मशागतीचा मोठा लाभ तण मारण्यात असतो. हा आक्षेप गंभीर आहे. तो मान्य केला तर कोळपणी ही निव्वळ खुरपणी ठरते. पण त्यात आपली जमीन बसत नाही. काळी माती सुकताना आकसते आणि तिला हात घालता येईल एवढ्या भेगा पडतात. त्या भेगांतून वारा थेट खालच्या ओलीपर्यंत पोचतो आणि कोवळी मुळेही तुटतात. रब्बी ज्वारीसाठीची शिफारस पाहा: पेरणीनंतर तिसऱ्या आठवड्यात फटीचे कोळपे, पाचव्यात पासाचे, आठव्यात दातेरी. पहिली दोन मुख्यतः तणासाठी. तिसऱ्या वेळी तणाचा जोर ओसरलेला असतो. ते दाते मातीने भेगा बुजवण्यासाठीच आहेत. म्हणजे पुस्तकातले कारण अपुरे होते, शेतातली कृती अचूक होती.

ही कृती प्रयोगशाळेने शिकवली नाही. 1933 मध्ये शेजारच्या सोलापुरात कोरडवाहू संशोधनाला आरंभ झाला, एन. व्ही. कानिटकर यांचे नाव त्या कामाशी जोडले गेले, आणि बांधबंदिस्ती, कमी बियाणे, 18 इंचांवर ओळी, वारंवार कोळपणी अशी ‘बॉम्बे पद्धत’ आकाराला आली. धाराशिव तेव्हा निजामाच्या राज्यात होते, पण जमीन, पीक, अवजारे तीच. बांध आणि अंतराचे मोजमाप संशोधकांचे; कोळपे आधीपासूनच दारात होते.

मग 1876-78 चा आणि 1972 चा दुष्काळ का पडला? कोळपे साठलेली ओल राखते, नवी निर्माण करत नाही. पाऊसच चुकला तर राखायला काही उरत नाही, आणि बालाघाटाच्या उथळ मुरमाड रानात साठवायला जागाच कमी. ही मर्यादा ओळखूनही पद्धतीचे मोल घटत नाही. आज जिल्ह्यात खरिपाच्या सोयाबीनने शाळूची बरीच जागा घेतली आहे. तणासाठी तणनाशक हाताशी आले, त्यामुळे कोळपणी मागे पडते आहे. तणनाशकाने तण मरते, भेग बुजत नाही. ज्यांच्या रानात अजून शाळू उभा आहे त्यांनी आठव्या आठवड्यातली दातेरी कोळपणी तेवढी चुकवू नये.