औषध लागू पडलं, पण कारण वेगळंच निघालं

एखादं औषध लागू पडलं की ते का लागू पडलं हेही आपल्याला कळलं, असं आपण सहज धरून चालतो. संशोधनाला लागण्याआधी ऑन्डॅनसेट्रॉनचा इतिहास एकदा बघाच.

१९७८ मध्ये अमेरिकेत सिस्प्लॅटिन या कर्करोगाच्या औषधाला मान्यता मिळाली. औषध गुणकारी, पण उलट्या भयंकर. १९८१ मध्ये ग्राला आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मेटोक्लोप्रामाइड मोठ्या मात्रेत दिलं तर त्या बऱ्याच आटोक्यात येतात. हे औषध डोपामिनचे रिसेप्टर अडवतं, हे माहीत होतं. म्हणजे उलट्यांचं मूळ डोपामिन, बरोबर ना?

इथेच गफलत होती. डोपामिन अडवणारं डोम्पेरिडोन सिस्प्लॅटिनपुढे तितकं चालत नव्हतं. मग मेटोक्लोप्रामाइड आणखी काय करत होतं?

धागा जुना होता. १९५७ मध्ये गॅडम आणि पिकारेली यांनी गिनीपिगच्या आतड्यावर प्रयोग करून सेरोटोनिनचे ‘डी’ आणि ‘एम’ असे दोन रिसेप्टर वेगळे केले होते. मेटोक्लोप्रामाइड मोठ्या मात्रेत हा ‘एम’सुद्धा अडवतं. १९८६ मध्ये माइनर आणि सँगर यांनी ‘एम’वर नेमकं काम करणारं एमडीएल ७२२२२ फेरेट प्राण्यांना दिलं आणि सिस्प्लॅटिनच्या उलट्या रोखल्या. त्याच वर्षी ‘एम’चं नामकरण ५-एचटी३ झालं. याच रिसेप्टरला अडवणारं ग्लॅक्सोचं ऑन्डॅनसेट्रॉन १९९१ मध्ये अमेरिकेत मान्य झालं.

आता यंत्रणा अशी मांडतात: सिस्प्लॅटिनमुळे आतड्याच्या पेशी सेरोटोनिन सोडतात, ते व्हेगस नसेवरचे ५-एचटी३ रिसेप्टर चेतवतं आणि संदेश मेंदूकडे जातो.

फेरेटच का? कारण उंदरांना उलटी होतच नाही. आपल्या घराच्या कोपऱ्यात फिरणाऱ्या चिचुंद्रीला मात्र होते, म्हणून तीही या संशोधनात वापरली जाते. प्राणी चुकला की प्रश्नच विचारता येत नाही.

उद्या तुम्ही प्रयोगात ऑन्डॅनसेट्रॉन वापराल, परिणाम दिसेल आणि ‘५-एचटी३मुळे’ असं लिहायचा मोह होईल. आधी मात्रा तपासा. जास्त प्रमाणात ते हृदयाच्या पेशींमधले पोटॅशियम चॅनलही अडवतं. वेगळ्या रचनेचा दुसरा ५-एचटी३ अवरोधक वापरून बघा. दोघांनी एकच उत्तर दिलं, तर तुमचा दावा भक्कम होतो.