शत्रूच्या घरचा आकांत

ग्रीकांच्या विद्याकलांची थोरवी सांगतांना त्यांच्या देवालयांकडे व पुतळ्यांकडेच बहुधा बोट दाखविलें जातें. आम्हांस मात्र त्यांच्या एका नाटकाचें नवल अधिक वाटतें.

इ. स. पूर्व ४८० मध्यें इराणचा बादशहा झर्क्सीझ यानें अथेन्स जाळलें, देवळें पाडलीं. आणि त्याच वर्षीं सॅलॅमिसच्या सामुद्रधुनींत ग्रीक आरमारानें त्याचा मोड केला. पुढें आठच वर्षांनीं ईस्किलसनें ‘इराणी लोक’ हें नाटक रंगभूमीवर आणिलें. कवि स्वतः मॅरेथॉनच्या रणांत लढलेला! त्यानें शत्रूची यथेच्छ टवाळी केली असती तर त्यास कोण नांवें ठेविता? पण नाटकाचें स्थळ सूसा, म्हणजे शत्रूचीच राजधानी. पात्रें सारीं इराणी. राजमाता पुत्राच्या वार्तेची वाट पाहते; जासूद संहाराचें वर्णन करितो; मृत दारयवहू थडग्यांतून उठून पुत्राच्या उन्मत्तपणास दोष देतो; शेवटीं फाटक्या वस्त्रांनिशीं खुद्द झर्क्सीझ येऊन विलाप करितो. विजयाचा अभिमान त्यांत नाहीं असें नव्हे. परंतु एकाहि ग्रीक वीराचें नांव कवि घेत नाहीं.

याच अथेन्सकरांनीं पूर्वीं फ्रीनिखस कवीस, मायलेटसच्या पाडावाचें नाटक करून स्वकीयांच्या दुःखाची आठवण दिली म्हणून, १,००० द्राख्मा दंड केला होता. ईस्किलसला मात्र त्यांनीं पहिलें पारितोषिक दिलें. आणि तेंहि केव्हां, तर अक्रॉपोलिसवरचीं जळकीं देवळें अद्याप पुन्हा उभारलीं गेलीं नव्हतीं तेव्हां.