युरोपचे आंतरविद्याशाखीय पदव्युत्तर अध्ययन : उगम, स्वरूप आणि वाटचाल

युरोप खंडाचा इतिहास, कायदा, अर्थव्यवस्था, राज्यव्यवस्था, भाषा आणि संस्कृती यांचा एकत्रित अभ्यास करणाऱ्या पदव्युत्तर ज्ञानशाखेस 'युरोप अध्ययन' असे संबोधले जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम युरोपात उदयास आलेली ही शाखा आज युरोपबाहेरील अनेक विद्यापीठांतही शिकवली जाते. २७ सदस्य राष्ट्रे आणि २४ अधिकृत भाषा असलेल्या युरोपीय संघाशी भारताचे व्यापारी, शैक्षणिक व तांत्रिक संबंध विस्तारत असल्याने या शाखेचा उगम, तिची अध्यापनपद्धती आणि तिच्यावरील आक्षेप यांची माहिती भारतीय विद्यार्थ्यांसाठीही उपयुक्त ठरते.

महायुद्धोत्तर उगम

मे १९४८ मध्ये नेदरलँड्समधील हेग येथे युरोपच्या एकीकरणाचा विचार करण्यासाठी परिषद भरली होती. विविध देशांतील पदवीधरांनी एकत्र राहून युरोपचा अभ्यास करावा, यासाठी स्वतंत्र संस्था असावी, अशी कल्पना स्पॅनिश मुत्सद्दी व लेखक साल्वादोर द मादारियागा यांनी या परिषदेत मांडली. त्यानुसार १९४९ मध्ये बेल्जियममधील ब्रूज या शहरात 'कॉलेज ऑफ युरोप'ची स्थापना झाली. त्या वेळी युद्ध संपून अवघी चार वर्षे लोटली होती आणि युरोपीय संघाची पायाभरणी मानली जाणारी शुमन घोषणा ९ मे १९५० रोजी व्हावयाची होती. म्हणजेच एकत्रित युरोपच्या राजकीय संस्था निर्माण होण्यापूर्वीच त्या चालवू शकणारी पिढी घडविण्याचा प्रयत्न सुरू झाला होता.

डच विचारवंत हेन्ड्रिक ब्रुगमन्स हे या संस्थेचे पहिले रेक्टर होत. त्यांनी १९५० ते १९७२ या काळात हे पद भूषविले. इंग्रजी व फ्रेंच या दोन भाषांतून होणारे अध्यापन, एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम आणि प्रत्येक तुकडीला एखाद्या नामवंत व्यक्तीचे नाव देण्याची प्रथा ही तिची वैशिष्ट्ये ठरली. पूर्व युरोपातील कम्युनिस्ट राजवटी कोसळल्यानंतर १९९२ मध्ये पोलंडची राजधानी वॉर्सा येथील नातोलिन परिसरात, तर २०२४ मध्ये अल्बानियाची राजधानी तिराना येथे संस्थेची आणखी केंद्रे सुरू झाली.

ही संस्था राजकीय मतभेदांचेही व्यासपीठ ठरली. २० सप्टेंबर १९८८ रोजी ब्रिटनच्या तत्कालीन पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी ब्रूज येथेच केलेल्या भाषणात ब्रसेल्समध्ये सत्तेचे केंद्रीकरण करण्यास विरोध दर्शविला. त्यानंतर सुमारे वर्षभराने, ऑक्टोबर १९८९ मध्ये, युरोपीय आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष जॅक देलॉर यांनी त्याच संस्थेत एकीकरणाची गती वाढविण्याचा आग्रह धरला.

दरम्यान अन्य संस्थाही उभ्या राहिल्या. ब्रिटनमध्ये १९६१ मध्ये सुरू झालेल्या ससेक्स विद्यापीठाने स्वतंत्र विभागांच्या चौकटीऐवजी विविध विषय एकत्र आणणाऱ्या 'स्कूल'ची रचना स्वीकारली. युरोपीय अध्ययनाचे स्कूल हे त्यांपैकी एक होते. १९७२ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय करारानुसार इटलीतील फ्लॉरेन्सजवळील फिएसोले येथे युरोपीय विद्यापीठ संस्थेची स्थापना होऊन १९७६ मध्ये तिचे कामकाज सुरू झाले. इतिहास, कायदा, अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र व समाजशास्त्र या विषयांत तेथे डॉक्टरेटसाठी संशोधन केले जाते.

अनेक विद्याशाखांची आवश्यकता

एकाच विद्याशाखेच्या आधारे युरोपमधील घडामोडींचा अर्थ लावणे पुरेसे ठरत नाही, हे या शाखेचे गृहीतक आहे. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा हे त्याचे ठळक उदाहरण मानता येईल.

युरोपीय संघाचा 'जीडीपीआर' हा माहिती संरक्षण नियम २५ मे २०१८ पासून लागू झाला. कायद्याच्या विद्यार्थ्यास त्यातील कलमांचा अर्थ लावता येतो आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास त्याचा कंपन्यांवर पडणारा भार मोजता येतो. मात्र माहितीच्या नोंदींबाबत युरोपात, विशेषतः जर्मनीत, एवढी संवेदनशीलता का आहे, याचे उत्तर इतिहासात शोधावे लागते. नाझी राजवटीने नागरिकांच्या नोंदींचा छळासाठी केलेला वापर आणि पूर्व जर्मनीतील 'स्टासी' या गुप्त पोलीस यंत्रणेने जमविलेल्या फायली यांच्या स्मृती तेथे जाग्या आहेत. जगातील पहिला माहिती संरक्षण कायदा १९७० मध्ये पश्चिम जर्मनीतील हेसन राज्याने केला. पुढे नियोजित जनगणनेविरुद्ध मोठे जनआंदोलन झाले आणि १५ डिसेंबर १९८३ रोजी तेथील घटनात्मक न्यायालयाने, स्वतःविषयीच्या माहितीचा वापर कसा व्हावा हे ठरविण्याचा अधिकार व्यक्तीचा असल्याचा निर्वाळा दिला. ही जनगणना अखेर १९८७ मध्ये पार पडली.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाचा हक्क मूलभूत असल्याचे घोषित केले आणि २०२३ मध्ये संसदेने डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा संमत केला. या दोन्ही प्रसंगी युरोपातील तरतुदींची चर्चा झाली. एखादी तरतूद स्वीकारताना ती कोणत्या सामाजिक अनुभवातून आली, हे जाणणाऱ्या अभ्यासकांची गरज अशा वेळी स्पष्ट होते.

संयुक्त पदवीचा प्रयोग

युरोपातील विद्यार्थ्यांना अन्य देशांत शिकता यावे, यासाठी १९८७ मध्ये इरॅस्मस योजना सुरू करण्यात आली. १९ जून १९९९ रोजी २९ देशांनी बोलोन्या जाहीरनाम्यावर स्वाक्षऱ्या केल्या आणि परस्परांशी तुलना करता येईल अशी पदवीरचना स्वीकारण्याचे मान्य केले. एका शैक्षणिक वर्षाचे ६० श्रेयांक ही पद्धत त्यामुळे सर्वत्र रूढ झाली. २००४ मध्ये सुरू झालेल्या इरॅस्मस मुंडस योजनेने हे दालन युरोपबाहेरील विद्यार्थ्यांसाठी खुले केले.

'युरोकल्चर' हा पदव्युत्तर अभ्यासक्रम या बदलांचे प्रातिनिधिक उदाहरण होय. १९९८ मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासक्रमास २००६ मध्ये इरॅस्मस मुंडसचा दर्जा मिळाला. नेदरलँड्समधील ग्रोनिंगन, जर्मनीतील ग्योटिंगन, स्वीडनमधील उप्साला, पोलंडमधील क्राकोव, चेक प्रजासत्ताकातील ओलोमोउत्स, फ्रान्समधील स्ट्रासबर्ग, इटलीतील उदिने आणि स्पेनमधील बिल्बाओ येथील विद्यापीठांनी तो संयुक्तपणे चालविला. युरोपबाहेरील भागीदारांत जपानमधील ओसाका व मेक्सिकोतील राष्ट्रीय विद्यापीठाबरोबरच पुणे विद्यापीठाचाही समावेश होता. या विद्यापीठाचे २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ असे नामकरण झाले.

या अभ्यासक्रमात विद्यार्थी पहिले सत्र एका देशात, तर दुसरे सत्र दुसऱ्या देशात पूर्ण करतो. त्यानंतर सर्व विद्यापीठांतील विद्यार्थी एका अल्पकालीन सघन अभ्यासवर्गासाठी एकत्र येऊन आपले निबंध सादर करतात. तिसऱ्या सत्रात संशोधन किंवा एखाद्या संस्थेतील प्रत्यक्ष काम यांपैकी पर्याय निवडता येतो. शेवटचे सत्र प्रबंधासाठी राखून ठेवलेले असते. राष्ट्रीय अस्मिता, स्थलांतर, धर्म, नागरिकत्व आणि सामूहिक स्मृती हे त्यातील प्रमुख विषय होत. एकच ऐतिहासिक घटना क्राकोव आणि ग्योटिंगन येथे वेगवेगळ्या रीतीने शिकवली जाते, हा अनुभव अशा रचनेमुळे विद्यार्थ्यास थेट मिळतो.

राजकारणाची झळ

या शाखेचे भवितव्य ज्या राजकारणाचा ती अभ्यास करते, त्याच्याशीच निगडित राहिले आहे. १९९१ मध्ये स्थापन होऊन पुढे हंगेरीतील बुडापेस्ट येथे स्थिरावलेल्या मध्य युरोपीय विद्यापीठास त्याची तीव्र जाणीव झाली. एप्रिल २०१७ मध्ये हंगेरीने उच्च शिक्षण कायद्यात दुरुस्ती करून परदेशी मान्यता असलेल्या विद्यापीठांवर नव्या अटी लादल्या. मूळ देशातही अध्यापन चालविणे आणि त्या देशाशी सरकारी करार असणे या त्यातील मुख्य अटी होत्या. डिसेंबर २०१८ मध्ये विद्यापीठाने आपले अमेरिकी मान्यतेचे अभ्यासक्रम ऑस्ट्रियातील व्हिएन्ना येथे हलविण्याची घोषणा केली. युरोपीय न्यायालयाने ६ ऑक्टोबर २०२० रोजी या अटी संघाच्या कायद्याशी विसंगत ठरविल्या, परंतु तोपर्यंत स्थलांतर सुरू होऊन वर्ष लोटले होते. न्यायालयीन विजय मिळूनही विद्यापीठाला आपले शहर परत मिळाले नाही.

ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी युरोपीय संघातून बाहेर पडले आणि २०२१ मध्ये सुरू झालेल्या इरॅस्मसच्या नव्या टप्प्यात सहभागी झाले नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर केलेल्या आक्रमणानंतर रशिया व बेलारूस यांचे बोलोन्या प्रक्रियेतील प्रतिनिधित्व स्थगित करण्यात आले. 'युरोपची सीमा कोठे संपते?' हा या शाखेतील जुना प्रश्न त्यामुळे पुन्हा ऐरणीवर आला.

आक्षेप

या शाखेवर प्रामुख्याने तीन आक्षेप घेतले जातात. पहिला आक्षेप निधीविषयीचा आहे. १९८९ पासून 'झाँ मोने' उपक्रमांतर्गत युरोपीय एकीकरणाच्या अध्यापनासाठी विद्यापीठांना साहाय्य दिले जाते. ज्या संस्थेचा अभ्यास करावयाचा, तिच्याच पैशावर स्वतंत्र चिकित्सा कितपत शक्य आहे, असा प्रश्न विचारला जातो. दुसरा आक्षेप असा की, अनेक विषयांची ओळख होते, मात्र कोणत्याही एका विषयात सखोल प्रावीण्य येत नाही. यावर उपाय म्हणून अनेक विद्यापीठे एका मूळ विषयातील पदवी आणि किमान एका अतिरिक्त युरोपीय भाषेचे ज्ञान यांवर भर देतात.

तिसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. युरोपचा अनुभव हाच जगाचा मापदंड मानण्याच्या प्रवृत्तीची चिकित्सा इतिहासकार दीपेश चक्रवर्ती यांनी २००० साली प्रसिद्ध झालेल्या 'प्रोव्हिन्शियलायझिंग युरोप' या ग्रंथात केली. युरोपचा इतिहास वसाहतींना वगळून लिहिता येत नाही, ही भूमिका आता अनेक अभ्यासक्रमांत स्वीकारली गेली आहे. गोव्यातील पुराभिलेखागाराचे उदाहरण या संदर्भात महत्त्वाचे आहे. तेथील पोर्तुगीज कागदपत्रांच्या आधारे इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकर यांनी पोर्तुगीज-मराठा संबंधांवर मूलगामी संशोधन केले. पोर्तुगालच्या इतिहासाची महत्त्वाची साधने पणजीतही आहेत, हे त्यांच्या कार्याने अधोरेखित झाले.

भारतीय विद्यार्थ्यांसाठी

भारताने १९६२ मध्ये तत्कालीन युरोपीय आर्थिक समुदायाशी राजनैतिक संबंध प्रस्थापित केले. २००४ मध्ये या संबंधांना धोरणात्मक भागीदारीचे स्वरूप प्राप्त झाले. मुक्त व्यापार करारासाठी २००७ मध्ये सुरू झालेली बोलणी २०१३ मध्ये खंडित झाली आणि जून २०२२ मध्ये पुन्हा सुरू करण्यात आली. नवी दिल्लीतील जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय अध्ययन संस्थेत युरोपीय अध्ययनाचे स्वतंत्र केंद्र आहे.

युरोपात शिक्षणासाठी जाऊ इच्छिणाऱ्यांनी खर्चाचा अंदाज काळजीपूर्वक घेणे आवश्यक ठरते. स्वीडनने २०११ पासून, तर जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याने २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना शुल्क लागू केले. इरॅस्मस मुंडस शिष्यवृत्तीधारकास मात्र शुल्क भरावे लागत नाही. २०२१ ते २०२७ या टप्प्यात अशा विद्यार्थ्यास दरमहा १४०० युरो निर्वाहभत्ता निश्चित करण्यात आला. शिष्यवृत्ती न मिळाल्यास दोन वा अधिक देशांत बिऱ्हाड हलविण्याचा खर्च विद्यार्थ्यासच सोसावा लागतो.

पदवीच्या समकक्षतेचा मुद्दाही दुर्लक्षून चालणार नाही. युरोपातील काही अभ्यासक्रम एक वर्षाचे, तर काही दोन वर्षांचे असतात. परदेशी पदव्यांना मान्यता व समकक्षता देण्यासंबंधीची नियमावली विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२५ मध्ये अधिसूचित केली. भारतात परतून अध्यापन वा शासकीय सेवेत प्रवेश करू इच्छिणाऱ्यांनी प्रवेशापूर्वीच तिची माहिती घेणे हिताचे ठरेल. त्याचबरोबर जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश किंवा पोलिश यांपैकी एखादी भाषा आधीपासून शिकल्यास अभिलेखागारे, न्यायनिवाडे आणि स्थानिक वृत्तपत्रे ही मूळ साधने विद्यार्थ्यास थेट हाताळता येतात.