गंगाखेडकर (आडनाव)

परभणी जिल्ह्यातील गंगाखेड या तालुक्याच्या गावावरून पडलेले मराठी आडनाव. गोदावरीला मराठवाड्यात ‘गंगा’ म्हणतात. तिच्या काठचे हे खेडे. तेराव्या-चौदाव्या शतकातील संत जनाबाईंचे जन्मस्थान म्हणूनही गाव ख्यातनाम आहे.

‘-कर’ लावून गावाचे आडनाव होते, पण त्याची खरी गरज गाव सोडल्यावर पडते. गंगाखेडातच राहणाऱ्याला गंगाखेडकर म्हणून वेगळे ओळखता येणार नाही. परगावी मात्र तीच ठळक ओळख ठरते. पाथरीकर, सेलूकर, जिंतूरकर ही याच जिल्ह्यातील गावांवरून पडलेली आडनावे. अशा आडनावावरून गाव कळते, जात ठरवता येत नाही.

फ्रेंचमधील ‘पिकार’ हे आडनाव याच जातकुळीचे: उत्तर फ्रान्समधील पिकार्दी प्रांताचा माणूस. पृथ्वीचे आकारमान काटेकोर मोजणारे सतराव्या शतकातील खगोलशास्त्रज्ञ झाँ पिकार मात्र पिकार्दीत नव्हे, ला फ्लेश येथे जन्मले. आडनाव धारकाचे जन्मगाव सांगेलच असे नाही, हे मराठीतही तितकेच खरे.

साथरोगतज्ज्ञ डॉ. रमण गंगाखेडकर यांच्यामुळे हे नाव देशभर पोहोचले. पुण्यात एचआयव्हीवर दीर्घकाळ संशोधन केलेल्या या शास्त्रज्ञाला 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्याच वर्षी करोनाच्या सरकारी पत्रकार परिषदांत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची बाजू ते मांडत असत.