पऱ्हाटीच्या सब्राला मिळालेलं नाव

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. विज्ञान हा माझा विषय नाही, पण कोणत्या गोष्टीला कोणतं नाव कसं पडलं, हे शोधण्याचा नाद आहे. इंग्रजीतला 'कॉटन' अरबी 'कुत्न'वरून आला, हे अनेकांना ठाऊक असेल. त्याच कापसातून शास्त्राला आणखी एक नाव मिळालं आणि ते पुढे अपुरं ठरलं.

मी बेसाला राहतो. इथून जवळच, वर्धा रोडवर पांजरीला, १९७६ साली सुरू झालेली केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. विदर्भातला बहुतेक कापूस कोरडवाहू. ऐन फुलोऱ्यात पावसाने दडी मारली की पऱ्हाटी आधी पाते गाळते, मग कोवळी बोंडं. आपण म्हणतो, झाड कमजोर पडलं.

कापूस बोंडं का गाळतो, हाच प्रश्न अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फ्रेड्रिक अ‍ॅडिकॉट यांच्या गटाला पडला होता. १९६३ साली त्यांनी सुमारे २२५ किलो सुक्या कोवळ्या बोंडांतून एक द्रव्य वेगळं काढलं. हाती आलं जेमतेम ९ मिलिग्रॅम. त्याच सुमारास वेल्समध्ये फिलिप वेअरिंग झाडाच्या कळ्यांना झोपवणारं द्रव्य शोधत होते. १९६५मध्ये कळलं की दोन्ही द्रव्यं एकच. १९६७ साली त्याचं नाव ठरलं अ‍ॅबसिसिक आम्ल. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ, तोडून टाकणं.

नाव ठरलं आणि दोनच वर्षांत वेगळी माहिती पुढे आली. १९६९ साली इंग्लंडमध्ये राइट आणि हिरॉन यांनी गव्हाची तोडलेली पानं कोमेजू दिली, तेव्हा त्यांत हे द्रव्य काही तासांत कितीतरी पटींनी वाढलं. पुढे उलगडलं ते असं: पाणी कमी पडलं की पानांत आणि मुळांत हे संप्रेरक वाढतं. पानावरच्या सूक्ष्म छिद्रांची दारं ते मिटवतं आणि आतली ओल टिकते. पाऊस आला की झाड ते मोडून टाकतं, छिद्रं हळूहळू उघडतात आणि पऱ्हाटी पुन्हा नवे पाते धरते. पाते-बोंडं गाळण्यात मुख्य हात इथिलीन या दुसऱ्या संप्रेरकाचा असतो. हे संप्रेरक पेशीत नेमकं कुठे पकडलं जातं, ते तर २००९ साली समजलं.

म्हणजे ज्याला आपण 'तोडणारा' म्हटलं, तो मुळात राखणदार निघाला. नाव मात्र तेच राहिलं. नावावरून माणसाबद्दल मत बनवणाऱ्यांचा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आहे, म्हणून मला ही गोष्ट जवळची वाटते.

पण या सब्राची किंमत असते. छिद्रं मिटली की हवेतला कार्बन डायऑक्साइड आत येत नाही, अन्न कमी तयार होतं. जेवढी बोंडं पोसता येतील तेवढीच झाड ठेवतं. पातेगळीवर शेतकरी एनएए फवारतात. ते ऑक्झिन कुळातलं संप्रेरक आहे, गळ काही प्रमाणात थांबवतं. पाण्याची जागा मात्र घेऊ शकत नाही. पावसाचा खंड लांबला तर फुलोऱ्यात, बोंडं भरताना, शेततळ्यातून दिलेली एक पाळी झाडाला खरा आधार देते. ज्याच्याकडे तेवढंही पाणी नाही, त्याच्या वावरातली पऱ्हाटी पावसानंतर सावरते. पण नव्या पात्यांची बोंडं फुटेपर्यंत हंगाम पुढे सरकलेला असतो आणि उधारीवाला तोवर थांबत नाही.